गाणं माझं की तुझं?

मैत्रिणींनो, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काही उगीच पडलेली नाही. माझ्या घरी बाब्याऐवजी बाबी आहे, एवढाच फरक. वय वर्षे साडेसहा. तिचे कौतुक सांगायला बसले तर हे पान पुरायचे नाही. पण आज त्या कौतुकाबरोबर माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे. चूक आधी सांगितली तर कौतुक राहून जाईल, म्हणून सुरुवात कौतुकानेच करते. आईच ना मी!

आमचा थोरला शांत. पुस्तक हातात दिले की घरात आहे की नाही कळत नाही. धाकटीचे मात्र पाऊल उंबऱ्यावर पडण्याआधी आवाज घरात आलेला असतो. भाजीवाल्या मावशींना ती दारातूनच सांगणार, "मावशी, आज तुमचा आवाज बसलाय. हळद घालून दूध प्या." सासूबाईंच्या एका मैत्रिणीने तिच्यासाठी हौसेने फ्रॉक आणला. "आवडला का ग?" म्हटल्यावर ही म्हणते, "छान आहे, पण टोचतो." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सासूबाई मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या. गेल्या पावसाळ्यात भिजलेले मांजराचे पिलू उचलून आणले आणि त्याचे नाव ठेवले 'सा'. का, तर म्हणे, "ते एकाच सुरात ओरडतं."

सुरांचे वेड तिला पहिल्यापासूनच. तीन वर्षांची असेल, कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून तोच सूर 'ऊऽऽ' करून धरायची. मला वाटायचे, खेळ आहे. एकदा जुनी शिट्टी खराब झाली म्हणून मी नवी आणून बसवली. पहिल्याच शिट्टीला बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "आई, हा आपला कुकर नाही!" तेव्हा मी हातातली पळी खाली ठेवली.

पुढे वाट्यांचा नाद लागला. सात वाट्या ओळीने मांडायच्या, पाणी कमी-जास्त करायचे आणि चमच्याने वाजवायच्या. पाणी वाढवले की सूर उतरतो, कमी केले की चढतो, हे तिचे तिनेच शोधून काढले. ऐन जेवायच्या वेळी आमटीला वाट्या सापडायच्या नाहीत. गणपतीत गल्लीची आरती असते तेव्हा शेवटी शेवटी सगळ्यांनाच प्रसादाची घाई होते, लय पळायला लागते. ही झांज घेऊन आपली मूळ लय सोडायची नाही. एके संध्याकाळी तर आरती सांगणारे आजोबाच तिच्या झांजेकडे बघून सावकाश झाले आणि मागून सगळी गल्ली सावकाश झाली!

आता सांगा, माझ्या जागी तुम्ही असतात तर तुमच्या अंगावर मूठभर मांस चढले नसते?

चढले, आणि तिथेच माझे चुकले. हातात मोबाइल होताच. ती गुणगुणायला लागली की मी चित्रण करायची आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची. दिवसभर कोण काय म्हणाले ते बघायची. पाहुणे आले की चहाचे आधण ठेवण्याआधी माझे पालुपद सुरू, "बाळ, काकूंना गाणं म्हणून दाखव बरं." हे शब्द आपण सहज वापरतो. पण 'म्हण' एवढ्यावर आपण थांबत नाही, 'म्हणून दाखव' म्हणतो. नव्या भांड्यांचा सेट दाखवावा तसे!

संक्रांतीचे हळदीकुंकू होते. वीस-बावीस बायका जमल्या होत्या. मी वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. धाकटी एका कोपऱ्यात मांडीवर 'सा'ला घेऊन हलव्याचे दाणे मोजत बसली होती. बोलता बोलता एका काकूंनी आपल्या नातीला स्नेहसंमेलनात नाचाचे बक्षीस मिळाल्याचे सांगितले. खरे सांगते, माझ्या आत काहीतरी उसळले. मी लगेच धाकटीला पुढे बोलावले.

"आत्ता नको," ती म्हणाली.

"असं नाही करायचं, बाळ," मी म्हणाले. आवाज गोड, पण डोळे मोठे. आईचे मोठे डोळे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

उभी राहिली बिचारी. दोन ओळी म्हटल्या. समोर तीन-चार मोबाइल रोखलेले. तिसऱ्या ओळीला ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी पुढची ओळ सुचवली, तीसुद्धा भलत्याच सुरात. कुणीतरी म्हणाले, "लाजली ग पोर!" दोघीतिघी हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हते. पण धाकटी पिलाला उचलून आत निघून गेली.

रात्री मी उरलेल्या तिळगुळाचा डबा बंद करत होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"आई, गाणं माझं आहे की तुझं?"

"तुझंच की ग."

"मग तू का वाटतेस? तिळगुळासारखं?"

मला उत्तर सुचले नाही. मी तिला जवळ घेतले, ती आलीही. पण दुसऱ्या दिवसापासून घरातले गाणे बंद झाले.

पहिले दोन-चार दिवस मी लक्ष दिले नाही. मग हळूहळू जाणवायला लागले. कुकरची शिट्टी व्हायची आणि विरून जायची, तिला कुणी ओ देत नसे. जेवायला बसताना सगळ्या वाट्या जागच्या जागी सापडू लागल्या. मैत्रिणींनो, घरातल्या वस्तू जागच्या जागी सापडल्या म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा रडले. बाकी ती खात होती, खेळत होती, बडबडत होती. फक्त गात नव्हती. एक ना दोन, तब्बल सहा आठवडे.

सासूबाई एवढेच म्हणाल्या, "चिमणी दाणे टिपत होती, तू टाळ्या वाजवल्यास." ह्यांचे म्हणणे, "थांब थोडी, तिचं ती येईल." मी सकाळी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. 'आमच्या मुलाचा कवितागायनात पहिलाच नंबर आला पाहिजे' म्हणणाऱ्या आयांना मी आजवर किती शहाणपण शिकवले असेल! "अहो, मुलाला त्याच्या गतीने जाऊ द्या," वगैरे. ते सगळे शहाणपण मी रोज शाळेच्या फाटकापाशीच ठेवून घरी येत होते, हे तेव्हा कळले.

त्यातच एका रात्री थोरला अभ्यास करता करता म्हणाला, "आई, माझ्यात दाखवण्यासारखं काही नाही ना?" एका मुलाचे कौतुक गावभर करताना दुसरे मूल शेजारच्याच खोलीत बसलेले असते, हे मी पार विसरले होते.

आम्ही सांगलीकर. मंगेशकरांचे घर एके काळी आमच्याच गावात होते. आशाताईंचा जन्म सांगलीचा, १९३३ सालचा, हे इथे सगळे अभिमानाने सांगतात. लताबाईंनी मुलाखतींतून सांगितलेली एक आठवण मला त्या दिवसांत राहून राहून आठवे. त्या पाचएक वर्षांच्या असतील. मास्टर दीनानाथ एका शिष्याला राग घोटायला सांगून बाहेर गेले होते. तो चुकतोय हे खेळता खेळता लताबाईंच्या कानाला कळले आणि आत जाऊन त्यांनी त्याला बरोबर गाऊन दाखवले. तेवढ्यात वडील परत आले आणि त्यांनी ते ऐकले. आपल्याच घरात गाणारी आहे, हे त्यांनी माईंना सांगितले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच लेकीला उठवून शिकवायला बसवले.

किती साधी गोष्ट! बापाला अभिमान वाटला असेलच, पण या आठवणीत चार लोकांना बोलावून लेकीला गायला लावणे कुठे नाही. आहे ती पहाटेची शिकवणी. अभिमान वाटल्यावर त्यांनी मुलीला आपला वेळ दिला. मी मात्र माझ्या मुलीचा वेळ पाहुण्यांना देत होते.

तुम्ही म्हणाल, लहानपणीच मैफली गाजवणारेही झालेच की. झाले ना. कुमार गंधर्वांचे उदाहरण आहे. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्म. लहान वयातच मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तसेच गायचे आणि लोक तोंडात बोट घालायचे. पण एवढी वाहवा झाल्यावरही अकराबारा वर्षांचा तो मुलगा मुंबईला प्रोफेसर देवधरांकडे शिष्य म्हणून गेला आणि वर्षानुवर्षे शिकत राहिला. पुढे कुणाचीही नक्कल नसलेले, सर्वस्वी त्यांचे असे गाणे उभे राहिले. टाळ्यांनी मूल बिघडतेच असे मी म्हणत नाही. पण टाळ्यांनंतर शिकायला बसवणारे कुणीतरी लागते आणि मुलाला तिथे बसावेसे वाटले पाहिजे.

एके दिवशी हे म्हणाले, "तिच्या मागे लागण्यापेक्षा तू का गात नाहीस?" मला आधी रागच आला. लग्नापूर्वी मी प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या. माझी पेटी अकरा वर्षे कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळून पडली होती. खाली काढली तर भात्यातून हवा जातेय आणि दोन सूर मुके झालेत. दुरुस्तीसाठी मिरजेला न्यायची ठरवली. मिरज आम्हाला दहाएक किलोमीटर. रविवार होता, धाकटीलाही बरोबर घेतले.

मिरजेत सतारमेकरांची दुकाने तुमच्यापैकी कुणी पाहिली आहेत का? नसतील तर मुलांना घेऊन एकदा जाच. आत वाळलेले मोठमोठे भोपळे टांगलेले असतात, लाकडाचा आणि पॉलिशचा वास भरून राहिलेला असतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले. १९३७ साली ते गेले. इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ अजूनही गाणे होते.

पेटी दाखवून आम्ही शेजारच्या दुकानात गेलो. एक वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की बसलेला आवाज एकदम खुलतो, भुंग्यासारखा घुमायला लागतो. धाकटी डोळे मोठे करून ऐकत होती. त्यांनी तिला खुणेने जवळ बोलावले आणि भोपळ्याला कान लावायला सांगितला. चारी तारा छेडल्या, पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. ती कितीतरी वेळ डोळे मिटून तशीच उभी होती. "तुला गाता येतं का?" असे त्यांनी एकदाही विचारले नाही. माझ्या मात्र जिभेवर आले होते, "अहो, ही फार छान गाते." कसेबसे गिळले.

पेटी दुरुस्त होऊन आली. रोज दुपारी शाळेतून आल्यावर मी स्वयंपाकघरातच सतरंजी टाकून बसू लागले. अकरा वर्षांनी गळा काय साथ देणार? साधा भूप, सा रे ग प ध, तोही धड लागेना. चार-पाच दिवस असेच गेले. एका दुपारी मी आलाप घोळवत होते आणि बाहेरच्या खोलीतून अगदी वैतागलेला आवाज आला, "आई, तुझा ग खाली येतोय!"

मी पेटीवरचा हात तसाच ठेवला. जपून विचारले, "मग कसा हवा?"

आणि तिने गाऊन सांगितला. तिथूनच, गृहपाठ करता करता. मग तिथून ध, मग वरचा सा. मी उठले नाही, दारातून डोकावले नाही, मोबाइलला तर हातही लावला नाही. गॅसवर कुकर होता, तेवढा हळूच बंद केला. शिट्टी मध्ये यायला नको म्हणून.

त्या रात्री जेवताना आमटीला तीन वाट्या कमी पडल्या!

तेव्हापासून मी माझ्यापुरत्या काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्या घरी गाणारे, वाजवणारे, नाचणारे मूल असेल तर पाहा, उपयोगी पडतात का.

पहिली गोष्ट, पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव' बंद. विचारायचेच असेल तर आधी, दोघीच असताना, आणि एकदाच. 'नको' म्हटले की विषय संपला. चित्रण करायचे तर तिला विचारून आणि कुणाला पाठवायचे तेही तिनेच सांगायचे.

दुसरी, रियाज थोडा पण रोज. या वयाला दहा-पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. तंबोरा लगेच विकत घ्यायची गरज नाही, मोबाइलवरसुद्धा तंबोऱ्याचा सूर लावता येतो. पट्टी मात्र मुलाच्या गळ्याला झेपेल ती, बाईंनी किंवा गुरुजींनी ठरवून दिलेली. सिनेमातले गाणे मूळच्याच पट्टीत गायचा हट्ट धरला की मूल गायचे सोडून ओरडायला लागते. घसा बसला असेल त्या दिवशी गाणे बंद, ऐकणे चालू.

तिसरी, परीक्षांची घाई नको. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आमच्या भागातलेच, कुरुंदवाडचे. मिरजेला बाळकृष्णबुवांकडे शिकले आणि १९०१ साली लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या मंडळाच्या परीक्षा आज गावोगाव होतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा या पायऱ्या. शिस्त लागायला त्या चांगल्याच आहेत. पण दर परीक्षेला पुढचा वर्ग गाठायचाच, शेजारणीच्या मुलीने गाठला म्हणून गाठायचाच, असे झाले की प्रमाणपत्रे भिंतीवर राहतात आणि पेटी कपाटावर जाते. माझीच नाही का गेली!

चौथी, मुलगे असतील तर त्यांचा आवाज वयात येताना फुटतो. बारा-चौदाच्या सुमाराला गोड गळ्याचा मुलगा एकाएकी बेसूर झाला तर त्याला हसू नका आणि ताणून गायलाही लावू नका. तेवढ्या काळात तबला किंवा पेटी हाताखाली असली तर सुरातालाचा धागा तुटत नाही.

पाचवी गोष्ट मला सगळ्यांत अवघड गेली. 'किती छान गातेस ग!' असे म्हणायचे मी सोडून दिले. त्याऐवजी काय ऐकले ते सांगते. "आज वरचा सा बराच वेळ धरलास हं." यात ती मला आवडायला काही करून दाखवावे लागते असे येत नाही, आणि मी नीट ऐकले हेही तिला कळते. थोरल्यालाही तसेच. बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ त्याने परवा उघडून साफ केले आणि चालू केले. मी त्याच्या शेजारी बसून प्रत्येक चाक कशाला असते ते विचारून घेतले. अर्धे डोक्यावरून गेले, पण त्याचा चेहरा बघायला हवा होता.

आणि शेवटची. कुणी धाकटीबद्दल विचारले की मी आजवर फक्त तिचे गाणेच सांगत आले होते. मावशींचा बसलेला आवाज ऐकून त्यांना हळदीचे दूध सुचवणारी, टोचणाऱ्या फ्रॉकला टोचतो म्हणणारी, भिजलेल्या पिलाला फ्रॉकच्या ओच्यात घालून आणणारी मुलगी मी कुणालाच सांगितली नव्हती. उद्या तिचा गळा राहील न राहील, तिला गाण्यात पुढे जावेसे वाटेल न वाटेल. ही मुलगी मात्र राहायला हवी. माझा अभिमान आता तिथे ठेवायचा मी प्रयत्न करते आहे.

परवा त्याच हळदीकुंकवाच्या काकू सहज आल्या होत्या. चहा घेता घेता धाकटीला म्हणाल्या, "काय ग, आज तरी म्हणून दाखवशील का?" माझा कप हातातच राहिला. सवयीने डोळे मोठे व्हायला लागले होते, ते मी चहात घातले.

धाकटी म्हणाली, "आत्ता नको, काकू. माझा सा झोपलाय."

काकू बुचकळ्यात पडल्या. मी मांडीवरच्या मांजराकडे बोट दाखवले, तेव्हा आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. काकू गेल्या, मी कपबश्या विसळायला घेतल्या. मागून तिचा भूप सुरू झाला. ऐकायला मी, सासूबाई आणि एक झोपलेले मांजर, एवढीच मंडळी.

तुमच्याही घरी असे एखादे पाखरू असेल. त्याला तुम्ही कसे सांभाळता, तुमच्या हातून कधी असे काही झाले का, मला जरूर लिहा. मी वाट पाहते.